काय खाल्लंस?

बाण तिरका होता. सरळ वर नाही आणि आडवाही नाही, उजव्या कोपऱ्याकडे तोंड करून थांबलेला, तांदळाच्या दाण्याएवढा, आणि त्याच्या डावीकडे दोनशे अडतीस. साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनकडे बघत सुलक्षणा दूध उतू जाऊ देत होती. जाऊ देत होती म्हणजे तिला दिसत होतं, साय फुगली, कडेला आली, आता जाणार, आणि तरी हात गॅसकडे न जाता फोनकडे गेला, कारण आकडा बदलायची वेळ झाली होती. दोनशे एक्केचाळीस. दूध गेलं. शेगडीभर गेलं, आणि जळक्या दुधाचा वास सुटला तशी ती आणखीच चिडली, दुधावर नाही, आकड्यावर. उठल्यापासून पोरीने पाणीसुद्धा प्यायलेलं नाही, मग हे वर जातंय कुणाच्या जिवावर?

दोन-तीन दिवस हेच चाललं होतं. पर्णिकाच्या दंडावर, बाहीच्या आत, दोन रुपयांच्या नाण्याएवढी पांढरी चकती चिकटवलेली असते. तिच्यातला केसासारखा तंतू कातडीखाली बसून अंगातली साखर मोजत राहतो आणि दर थोड्या वेळाने फोनला सांगत राहतो. पर्णिकाच्या फोनला, तिथून सुलक्षणाच्या, तिथून उल्हासच्या, आणि — हे मात्र त्याचंच, नवऱ्याचं डोकं — तिथून थेट सांगलीजवळच्या गावी सासऱ्यांच्या फोनला. वासुदेवनाना साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. जन्मभर उसाचा उतारा, म्हणजे त्यातली साखर, मोजली, आता नातीच्या रक्तातली मोजतात. सकाळी अंघोळ झाली की गावाकडून पहिला प्रश्न येतो, "काय, आज उतारा कसा आहे?" हौसेने विचारतात बिचारे. पण हौसेने विचारलेला प्रश्नसुद्धा रोज रोज आला की कानात खड्यासारखा टोचतो, आणि 'हौसेने' हा शब्दही मी फार दिवसांपूर्वी मनातल्या मनात पुसून टाकलाय.

पर्णिका बाहेर आली ती गणवेशात, आणि कमरेला स्वेटर बांधलेला. बाहेर शारजाचं ऊन सकाळीच भिंती भाजायला लागलं होतं.

"स्वेटर कशाला?"

"बसमध्ये एसी असतो."

"मग अंगात घाल. कमरेला काय थंडी वाजते?" पर्णिका बुटाची नाडी बांधायला वाकली. "रात्री काय खाल्लंस?"

"नथिंग."

"नथिंगने दोनशे चाळीस होत नाही, पर्णिका."

"मम्मा, आय सेड नथिंग."

आठवीतल्या मुलीचा आवाज इतका सपाट कसा असतो? शाळेत शिकवत असतील. सुलक्षणाने इन्सुलिनचं पेन तिच्या हातात दिलं, किती युनिट घ्यायचे ते सांगितलं, त्यावर "आय नो" आलं, आणि चपलांच्या स्टँडशेजारी उभ्या उभ्या सदरा वर करून पोरीने पोटात सुई घातली, तोंड भिंतीकडे. तेवढ्यात डबा ठेवायला म्हणून सुलक्षणाने दप्तर उघडलं, डबा आत सरकवला, आणि खाली काहीतरी वाजलं. चुरचुर. चेन लावलेला एक छोटा बटवा आणि त्याच्या आत प्लॅस्टिकचा कागद... चॉकलेटचा कागद असाच वाजतो. सापडलं! मनात अगदी असंच आलं, सापडलं, आणि त्यात आनंद होता, चोर पकडल्याचा चक्क आनंद.

"कसला कागद आहे हा?"

पर्णिकाने दप्तर ओढून घेतलं. इतक्या जोरात की पट्टा सुलक्षणाच्या नखाला लागला. "इट्स माय बॅग!" आणि दार, आणि लिफ्ट, आणि खाली रोल्लाच्या रस्त्यावर उभ्या राहिलेल्या बसचा हॉर्न.

माझी बॅग म्हणे. तुझ्या अंगातलं मीठ-साखर सुद्धा तुझं एकटीचं नाही गं बाई, त्याचे चार वाटेकरी आहेत, आणि तू म्हणतेस माझी बॅग.

कामावर जाताना गाडीत उल्हास नेहमीप्रमाणे रेडिओ लावून निवांत. एसी-मेंटेनन्सचं काम करणारा माणूस, डोकं थंड असणारच, असं त्याच्या ऑफिसात म्हणतात. घरी ते थंड डोकं भिंतीवर आपटावंसं वाटतं. त्याच्या फोनवर पर्णिकाचा अलार्म म्यूट असतो. साइटवर आवाज बरा दिसत नाही म्हणे. म्हणजे चार वाटेकऱ्यांतला एक असा.

"येईल गं खाली. वय आहे, हार्मोन्स वगैरे चालू होतात. डॉक्टर म्हणालाच होता ना मागच्या वेळी?"

"हार्मोन्सचा कागद वाजत नाही, उल्हास. बॅगेत चॉकलेट आहे तिच्या."

"बघितलंस?"

"ऐकलं."

तो हसला. पुढे दुबईच्या दिशेने गाड्यांची रांग हलत नव्हती, आणि तो हसला. सुलक्षणाने फोन काढून रेषा बघितली. चोवीस तासांची रेषा — चढ, उतार, पुन्हा चढ. या रेषेवरून तिला सगळं कळायचं. शाळेत पीटीचा तास कधी झाला, डबा पूर्ण खाल्ला की अर्धा, रात्री त्या हातावर झोपून चकती दाबली गेली की काय, पेपराच्या आधी घाबरली होती का... ऑफिसातल्या बायका कधी म्हणाल्या, आमची मुलं काही सांगतच नाहीत हो, की ती अगदी सहज म्हणायची, "माझं तसं नाही. मला तिचं सगळं माहीत असतं." आणि त्या बायका मान डोलवायच्या. एक जण तर म्हणाली होती, नशीबवान आहेस. नशीबवान! पर्णिका तिसरीत असताना इस्पितळात त्या इजिप्शियन डॉक्टरने पाठीवर थोपटून सांगितलं होतं, आता खलास, तिच्या पोटातलं साखर सांभाळणारं यंत्र बंद पडलंय, आजपासून ते काम मम्माने करायचं. त्या दिवसापासून करतेय. यंत्राला कुणी विचारतं का, बाई, तू बरी आहेस ना?

दुबईतल्या देऱ्यात अन्वरभाईंचा गाड्यांच्या सुट्या भागांचा धंदा. सुलक्षणा शिपिंगची कागदपत्रं बघते. टेबलावर डावीकडे फाइली, उजवीकडे फोन, पडदा वर करून. अन्वरभाई जाता-येता त्यावर नजर टाकून विचारायचे, "क्या बहनजी, बेटी पास कि फेल?" आणि ती हसून सांगायची. आज तिने फोन पालथा घातला, मग लगेच सुलटा केला. दोनशे साठ. म्हणजे सकाळची सुई गेली वाया. किंवा बसमध्ये तो कागद सुटला. तिला दिसलंच ते — खिडकीजवळची सीट, मैत्रीण रिद्धी शेजारी, दोघी अर्धं अर्धं करून खातायत, आणि आपल्या सांगण्याला फिदीफिदी हसतायत. चोरून खायला हरकत नाही, खा, पण खाल्लं म्हणून सांग, त्याची सुई घे, एवढंच तर म्हणणं आहे माझं! माझ्याशी खोटं का बोलतेस?

तेव्हा शाळेचा नंबर वाजला. सिस्टर सुमैय्या. ही एक त्यातल्या त्यात शहाणी बाई.

"पर्णिका की मम्मा? सब ठीक है, घबराना नहीं. दो सौ साठ था, मैंने करेक्शन दिया, अभी लेटी है मेरे रूम में. पेट में क्रँप्स है थोडा."

"उसने कुछ खाया है, सिस्टर. चॉकलेट होगा. आप बॅग देखो उसकी."

"नहीं नहीं, खाया नहीं. वो पिरियड का है ना, इसलिए. पहली बार है, तो शुगर दो-चार दिन ऐसाच ऊपर रहेगा. मैं परसों ही बोली उसको, मम्मा से कहो डॉक्टर को फोन करके डोस पूछ ले. आपने पूछा?"

सुलक्षणाच्या हातात कुठल्या तरी कंटेनरचा कागद होता. तो तिने नीट, कोपऱ्याला कोपरा जुळवून फाइलीवर ठेवला.

"परसों?"

"हां. मैंने पॅड दिए थे उसको. वो बोली मम्मा को मालूम है." मग हळूच, "मालूम है ना आपको?"

"हां हां," सुलक्षणा म्हणाली. "मालूम है."

फोन ठेवल्यावर पहिल्यांदा राग आला, हे सांगायलाच हवं. रडू नंतर. पहिला राग. परवा! परवापासून ही पोरगी माझ्या शेजारी बसून जेवतेय, मी तिच्या ताटातला भात वजनकाट्यावर तोलून देतेय, आणि तिच्या अंगात एवढी मोठी गोष्ट... आणि ती सुमैय्याला सांगते. शाळेच्या नर्सला. मी कोण? मग त्या नर्सचा राग, तिला काय अडलं होतं परवाच फोन करायला. मग त्या चकतीचा, जी झोपेतली, खेळातली, भीतीतली साखर सांगते आणि हे सांगत नाही. आणि मग, सगळ्यांचा राग राग करून झाल्यावर, तो कागद पुन्हा वाजला. बटव्यातला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं — तो बटवा माझ्या हाताखाली होता, माझ्या बोटांना लागला होता, आणि मी त्यात चॉकलेट शोधत होते. आणि स्वेटर. कमरेला बांधलेला स्वेटर... मीही आठवीत शाळेतून घरी आले होते ती दप्तर पाठीमागे धरून, मिरजेच्या भर बाजारातून. मला कळायला नको होतं? कमरेला काय थंडी वाजते, असं मी तिला विचारलं.

ती उठून पाणी प्यायला पँट्रीत गेली तर तिथे फोन. नाना. इथे व्हॉट्सॅपवर कॉल लागत नाही म्हणून नानांनी नातीसाठी मुद्दाम वेगळं अ‍ॅप घातलंय. त्याची रिंग देवळातल्या घंटेसारखी आहे, आणि ती नेहमी नको तेव्हाच वाजते.

"सुलक्षणा, दोनशे साठ? अगं, काय खाऊ घालताय काय पोरीला?"

"नाना, ते जरा..."

"जरा? दोन दिवस बघतोय मी. दोनशेच्या खाली नाव नाही. कारण काय? कारणाशिवाय आकडा चढत नाही. कारखान्यात आम्ही..."

कारखान्यात तुम्ही. पँट्रीच्या खिडकीतून खाडीतली लाकडी गलबतं दिसत होती, दोरांनी बांधलेले टायर, फ्रीजची खोकी. ती तिकडे बघत होती आणि शब्द शोधत होती. कारण तिच्याकडे होतं, खणखणीत, डॉक्टरी कारण, कुणाचाही दोष नसलेलं. पण ते नानांना सांगायचं कसं? लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या शब्दाच्या आसपासही ते दोघं कधी फिरकले नाहीत. गावी गेल्यावर ते चार दिवस आले की सासूबाई असताना त्या बघून घ्यायच्या, आणि त्या गेल्यावर सुलक्षणा नुसती म्हणायची, आज पूजा उल्हास करेल. नाना पेपरात तोंड घालून "बरं" म्हणायचे. एवढीच त्या गोष्टीची त्या घरातली भाषा. नातीच्या रक्तातली साखर सगळ्या खानदानाला मिनिटामिनिटाला कळते, आणि ती का चढली हे मात्र सांगायची सोय नाही.

"केक खाल्ला तिने," ती म्हणाली. इतकं सुरळीत बाहेर पडलं की तिचं तिलाच नवल वाटलं. "शाळेत कुणाचा तरी वाढदिवस होता."

"असं म्हण की मग!" नानांच्या आवाजातला ताण एकदम उतरला. कारण सापडलं होतं. "मला वाटलं आणखी काही. ठीक आहे. पोरं आहेत, खायचीच. मी सांगतो तिला समजावून."

"नको नाना, तुम्ही नका—"

पण फोन बंद झाला होता.

आमच्या घराण्याचा एक ग्रुप आहे, 'पर्णिका ग्रीन झोन'. नाव पर्णिकाच्या आत्याने ठेवलेलं. आकडा बरा असला की अंगठे येतात, टाळ्या येतात, वाईट असला की हात जोडलेले. पर्णिकालाही त्यात घातलंय; तिच्याच साखरेचा ग्रुप, तिला कसं बाहेर ठेवायचं? सुलक्षणा जागेवर येऊन बसली न बसली तोच त्यात नानांचा मजकूर पडला, स्वतः टाइप केलेला, दर दोन-चार शब्दांपुढे पूर्णविराम देत. पर्णिकाबाळ. मैत्रिणीचा केक गोड लागतो. पण आपण आपल्याला ओळखावं. आईपासून लपवून काही खाऊ नये. तू शहाणी आहेस. आजोबा. खाली आत्याचे जोडलेले हात.

आईपासून लपवून — हे मी म्हटलं नव्हतं. हे त्यांनी आपल्या मनाने घातलं. पण घालायला जागा कुणी करून दिली? चोर सोडून संन्याशाला सुळी, असं आई म्हणायची. इथे तर चोरी झालेलीच नाही, आणि संन्याशाला धरून दिलं ते त्याच्याच आईने. पुसता येईल का हा मजकूर? दुसऱ्याचा पुसता येत नाही. आपण काही लिहावं का खाली? नाना, तसं नाही, खरं असं आहे की... पुण्यापासून सांगलीपर्यंत सगळे वाचतील. ती बोट पडद्यावर धरून बसली, आणि तेवढ्यात पर्णिकाच्या नावापुढे ती टाइप करतेय असं दिसायला लागलं. बराच वेळ दिसत राहिलं. मग आलं.

ओके नाना. सॉरी.

ती भांडली असती तर चाललं असतं. दप्तर ओढलं तसं काहीतरी ओढून, हिसकून लिहिलं असतं... पण सॉरी? न खाल्लेल्या केकचं सॉरी. माझं खोटं तिने उचलून, झाडून, आपल्या अंगावर घेतलं, सासऱ्यांसमोर माझी लाज राखली. की थकली? थकूनच म्हटलं असेल. चौदा वर्षंसुद्धा पुरी झाली नाहीत आणि सॉरी म्हणून मोकळं व्हायला शिकली ही.

मग शाळा सुटायच्या वेळेला आकडा गेला. त्याच्या जागी तीन आडव्या रेघा, बाण नाही, काही नाही. थोडा वेळ तिने वाट बघितली, नेटवर्क असेल. फोन बंद करून चालू केला. रेघा. सेटिंगमध्ये जाऊन बघितलं तेव्हा कळलं की नेटवर्क नाही आणि चकती सुटलेली नाही, पर्णिकाने शेअरिंगच बंद केलं होतं. आईचं, बाबांचं, आजोबांचं, सगळ्यांचं. दार लावून घेतल्यासारखं. सुलक्षणाने पर्णिकाला फोन केला. उचलला नाही. सुमैय्याला केला; ती म्हणाली, दो सौ के आसपास आ गया, ठीक है, अभी बस में बैठ गई. दो सौ के आसपास. आसपास! या बाईला 'आसपास' चालतं.

उल्हासला फोन लावला, त्याला कळलंच नव्हतं. म्यूट.

"अगं, नेट गेलं असेल. येईल, इन्शाल्ला."

"उल्हास, तिला पाळी आलीय. परवापासून."

पलीकडे ड्रिलचा आवाज होता, तो दूर गेला. उल्हास चालत बाजूला आला असावा. "हां..." तो म्हणाला. मग म्हणाला, "मग नानांना केक का सांगितलंस?"

"मग काय सांगू? तू सांग. तुझे वडील आहेत. कर फोन."

"मी?" उल्हास म्हणाला. "मी कसं सांगणार?"

तिने फोन ठेवला. अन्वरभाईंना सांगितलं, घरी जायला हवं. त्यांनी फोनकडे बघितलं, रेघा बघितल्या आणि आज काही विचारलं नाही. नुसतं "जाओ जाओ, यल्ला" म्हणाले.

शारजाच्या बसमध्ये एसीचा वारा थेट मानेवर येत होता. तिने पुन्हा पुन्हा फोन काढला आणि पुन्हा पुन्हा रेघा बघितल्या. आकडा नसला की बघायचं काय? पर्णिका आत्ता बसमध्ये आहे, एवढंच. पोट दुखत असेल. खिडकीशी असेल का? ती खिडकीशी बसते की आतल्या बाजूला, हेही नक्की माहीत नाही. सकाळी आपण तिला खिडकीशी बसवलं ते आपल्या मनाने. पूर्वी ही पोरगी किती बोलायची! शाळेतून आली की बूट न काढता सुरू व्हायची, बाईंनी काय म्हटलं, कुणाचं रबर कुणी चोरलं, बसचा ड्रायव्हर यूनुस कसा गाणं म्हणतो... ऐकून कान किटायचे. मग ते कधी थांबलं? एका दिवसात नाही थांबलं. ती दारातून आत यायची, तोंड उघडायची, आणि मी फोनवरून नजर न काढता म्हणायचे, एकशे नव्वद? काय खाल्लंस? ती उत्तर द्यायची, आणि मग जे सांगायचं होतं ते राहून जायचं. रोज थोडं थोडं राहत गेलं असेल.

मिरजेला आईने काही समजावून सांगितलं नव्हतं. घृणा, लाज, जुनेर, कोपऱ्यातली चटई, सगळं तसंच होतं, आणि मोठ्या भावासमोर मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण आईने शिरा केला होता. केळं घालून, तूप सुटलेला. मुलगी मोठी झाली की करायचा असतो म्हणून केला, रीत म्हणून, फार काही मनात आणून नाही. आणि त्या दिवशी पहिली बशी भावाच्या आधी मला आली. कुणी बोललं नाही, पण बशी आली.

घरी चपलांच्या स्टँडवर पर्णिकाचे बूट होते. खोलीचं दार बंद. बाथरूममध्ये बादलीत स्वेटर बुडवलेला, साबणाचा फेस अजून जिवंत, आणि डाग चोळून चोळून पसरवलेला, कारण गरम पाण्यात टाकला होता. रक्ताचा डाग गार पाण्यात धुतात हे कोण सांगणार तिला? ते फोनवर येत नाही. सुलक्षणाने बादली ओतली, गार पाणी घेतलं, स्वेटर पिळून पुन्हा भिजवला, आणि तशीच, ओल्या हातांनी, स्वयंपाकघरात गेली.

ओट्यावर वजनकाटा होता. गेली चार-पाच वर्षं या घरात दाणा त्याच्यावरून गेल्याशिवाय शिजलेला नाही. तिने तो सरकवून रव्याचा डबा काढला आणि मुठीने रवा कढईत टाकला. साखर चढलेली असताना शिरा! नाना ऐकतील तर जागेवर बसतील. उल्हाससुद्धा म्हणेल, तुला वेडबीड लागलंय का? लागलं असेल. रवा खरपूस व्हायला लागला, तुपाचा वास घरभर झाला, केळं कुस्करलं, आणि साखर — साखर घालताना मात्र हात थांबला. चमचे मोजावेत का? एक, दोन, एवढं तर... नाही मोजले. डब्यातूनच ओतली, आईने ओतली असेल तशी, आणि ओतल्या ओतल्या स्वतःचा भयंकर राग आला. हे काय नाटक चाललंय? पोरीला उद्या त्रास झाला म्हणजे? पण आता ती परत काढता येत नव्हती.

दार आतून लावलेलं नव्हतं. पर्णिका भिंतीकडे तोंड करून, पोटाशी उशी धरून पडली होती. सुलक्षणाने बशी टेबलावर ठेवली आणि पलंगाच्या कडेला बसली. किती? हा शब्द जिभेच्या टोकावर आला. आत येताना दुसरं काही म्हणायची सवयच राहिली नव्हती.

"यू टोल्ड नाना केक," पर्णिका भिंतीला म्हणाली.

"हो."

"बट सिस्टर टोल्ड यू."

"हो. त्यांना ते कसं सांगायचं, मला सुचलं नाही."

"सो यू टोल्ड एव्हरीवन आय चीटेड."

सुलक्षणा चादरीची घडी सरळ करत बसली. मग म्हणाली, "चुकलं माझं. मी आज नानांना सांगते, केक नव्हता म्हणून."

"अँड व्हॉट विल यू से इट वॉज?"

"काय होतं ते. ते घेतील पेपरात तोंड घालून."

पर्णिका वळली. हसली नाही, पण वळली. तिला बशी दिसली. नाकाने तिने आधीच ओळखलं असणार.

"हे काय?"

"शिरा. तुझ्या आज्जीने मला केला होता, मला आली तेव्हा."

पोरीने उठून बसत बशी हातात घेतली, चमच्याने शिरा हलवला, आणि सवयीने विचारलं, "हाऊ मेनी कार्ब्स?"

"माहीत नाही," सुलक्षणा म्हणाली. "अंदाजाने केलाय."

पर्णिकाने आपल्या आईला हे वाक्य कधी म्हणताना ऐकलं नव्हतं. मग खांदे उडवून म्हणाली, "ओके. आय विल गेस," टेबलावरचं पेन उचललं, फोन बघितला, पाठ फिरवली. टिक टिक असा डायल फिरवल्याचा आवाज आला. किती टिक? सुलक्षणाने मोजायला सुरुवात केली आणि मध्येच दूर रस्त्यावर कुणीतरी हॉर्न दिला, आणि मोजणं चुकलं. सुई गेली. पेनचं टोपण लागलं. किती घेतलंस, हे तिने विचारलं नाही.

पर्णिका खायला लागली. पहिले दोन घास भराभर, मग हळू. आणि खाता खाता, चमच्याकडेच बघत, बोलायला लागली — परवा तिसऱ्या तासाला कसं कळलं, रिद्धीने आपला स्वेटर दिला, तो बादलीतला, तिचाच आहे, परत द्यायचाय, आणि सिस्टरच्या खोलीपर्यंत रिद्धी भिंतीला लागून तिच्या मागोमाग चालली, दोघी खेकड्यासारख्या, आणि सरांना वाटलं मस्करी करतायत... अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी, मध्ये हसू. तोंड भरलेलं असताना बोलू नये, हे सुलक्षणाला म्हणावंसं वाटलं नाही.

मग बोलण्याच्या नादात पर्णिकाने बशी खाली ठेवली. अर्धी.

सुई सगळ्या शिऱ्याची घेतली असेल तर? सगळ्याची घेतली आणि अर्धा खाल्ला, तर आता थोड्या वेळात साखर खाली जाणार, घाम फुटणार, हात थरथरणार... की आधीच वर होतं ते उतरेल तेवढंच? की तिने अर्ध्याचाच अंदाज केला होता? एक शब्द विचारला की कळेल. एकच. आणि तो शब्द विचारला की हे जे चाललंय, हे खेकडे, हे सर, हे हसू, ते तिथेच थांबेल, मला माहीत आहे, मी आजवर रोज थांबवत आलेय. मी पलंगाखालच्या कप्प्याकडे हात नेला, न बघता. साखर उतरली की द्यायचा ज्यूसचा डबा तिथे होता. हात तिथेच ठेवला.

"मग?" मी विचारलं. "सर काय म्हणाले?"

"सर ना..." पर्णिका मांडी घालून बसली आणि सांगायला लागली. बशीत अर्धा शिरा तसाच होता. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, आणि बशीकडेही.